तासाला 40 ग्रॅम

हे वर जे चाललंय ना ते घर शाकारणं नाहीये, खाली चहा आहे, ज्याची पुढे माचा नावाची हिरवी पूड होते. जपानमधलं, क्योतोजवळचं उजी. मांडवावर बोरूच्या चटया आधीच अंथरून झाल्यात, आता त्यावर भाताचा पेंढा पसरताहेत, तोही हातानेच, वर चालत चालत. आणि हे आतून बघा, भर दुपारी जवळपास अंधार. तीनएक आठवडे झाडं अशीच ठेवायची, मग पान पातळ होतं, गर्द हिरवं होतं, आणि पानातल्या ज्या थिआनिन नावाच्या घटकामुळे चवीला गोडवा येतो ते उन्हात कडवट कॅटेचिन बनून जातं, ते इथे टिकतं. बहुतेक शेतांवर आता काळी जाळीच टाकतात, काम पटकन होतं, पण खरं सांगू का, कॅमेऱ्याला पेंढाच आवडला.

जपानमध्ये हा चहा रुजवण्याचं श्रेय एईसाई या झेन भिक्षूला देतात. 1191 ला चीनहून परत येताना त्यानं बिया आणल्या म्हणतात, 1211 मध्ये चहावर अख्खं पुस्तक लिहिलं, औषध म्हणून बरं का. मग सोळाव्या शतकात चहाविधीचा गुरू सेन नो रिक्यू आला, त्यानं चहाची खोली पार दोन ततामी चटयांएवढी केली, आणि दार असं की सरदार असला तरी वाकून, रांगतच आत यायचं. 1591 मध्ये तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशीनं त्याला पोट चिरून मरायला लावलं, ती वेगळीच गोष्ट.

आता कारखाना. पानं काही सेकंद वाफवली की पंख्याच्या वाऱ्यानं जाळीच्या उंच पिंजऱ्यात वर उडवतात. इथे मी बोलत नाही, बघा.

सेंचा, म्हणजे जपानचा नेहमीचा हिरवा चहा, त्याच्यासारखी ही पानं वळत नाहीत, नुसती सुकवतात, शिरा-देठ काढून टाकतात, मग राहतं त्याला तेंचा म्हणतात. तो दळला की माचा. दळायला आपल्यासारखंच दगडी जातं, फक्त मोटरवर, आणि इतकं हळू की बघताना झोप यावी, कारण वेग वाढवला की दगड तापतो आणि वास गेला.

मधल्या काळात जगभर माचा लाते, म्हणजे दुधातल्या माचाचं वेड लागलं, 2024 च्या शरदात क्योतोतल्या नामांकित दुकानांनाही माणशी किती डबे द्यायचे ते ठरवावं लागलं, शेतकरी म्हातारे होताहेत, पोरं शहरात.

जात्याभोवती ही हिरवी कड दिसतेय ना, एवढीच. तासाभराची.