राजवाड्यावर सात जण

(दृश्य : रात्रीचा राजवाडा. पावसाने ओला झालेला चौक, अहिल्यादेवींचा पुतळा, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजाराकडून येणारा उजेड.)

इंदूरमध्ये जिंकल्याचा आनंद घरात मावत नाही. भारताने क्रिकेटचा मोठा सामना मारला की माणसं उठतात आणि राजवाड्याकडे निघतात. कुणी बोलावत नाही, कुणी वेळ ठरवत नाही. २९ जून २०२४च्या रात्री टी-ट्वेंटी विश्वचषक आला, तेव्हा या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मीही त्या गर्दीत होतो.

पण मला सांगायचंय ते त्याच्या वर्षभर आधीचं. मंगळवार, ४ जुलै २०२३. त्या रात्री आपला देश फुटबॉलमध्ये जिंकला होता आणि या चौकात आम्ही सात जण होतो.

(दृश्य : रामबागेतलं जुनं घर. लाकडी जिना, कोपऱ्यात टीव्ही.)

सात जणांत सगळ्यांत मोठे माझे आजोबा. वय पंचाहत्तर. मग काका, काकू, मी, माझी धाकटी बहीण आणि वरच्या खोलीत भाड्याने राहणारी कॉलेजची दोन मुलं. त्यांतला एक मणिपूरचा.

फुटबॉलचं वेड आमच्याकडे दोन वाटांनी आलं. एक आजोबांकडून. ते शाळेत असताना मीटरगेजच्या गाडीने महूला जायचे, छावणीत फौजींचे सामने बघायला. दुसरी वाट काकूची. काकू कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. जिथे तालमींच्या नावाने संघ ओळखले जातात, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ रस्त्यावर येते, तिथली मुलगी लग्न होऊन इंदूरला आली. ती म्हणते, पहिली काही वर्षं तिला सगळ्यात जास्त आठवण आली ती माहेरच्या जेवणाची नाही, मैदानावरच्या आरड्याओरड्याची.

(दृश्य : काकू ओट्याशी, कणसं किसते आहे.)

त्या दिवशीही तिने भुट्ट्याचा कीस करायला घेतला होता. डीडी भारतीवर सामना सुरू झाला. सॅफ करंडकाची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेची अंतिम लढत, बंगळूरचं श्री कांतीरवा स्टेडियम, समोर कुवेत. चौदाव्या मिनिटाला कुवेतने गोल केला आणि काकू किसणी हातात घेऊनच बाहेर आली. सामना संपेपर्यंत ती किसणी तिच्या हातातच होती.

बरेच जण म्हणतात, सॅफ म्हणजे आपल्या गल्लीतला कप, त्यात काय एवढं! मला हे पटत नाही. त्या वर्षी लेबनॉन आणि कुवेत यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. कुवेत म्हणजे १९८०चा आशियाई विजेता, १९८२चा विश्वचषक खेळलेला देश. उपान्त्य फेरीत लेबनॉनला हरवायला आपल्याला पेनल्टी लागल्या होत्या. अंतिम सामन्यात आपले प्रशिक्षक इगोर स्टिमाच मैदानाजवळ उभेही राहू शकत नव्हते, लाल कार्डामुळे त्यांच्यावर बंदी होती. त्यांच्या जागी कडेला उभे होते गोव्याचे महेश गवळी. नाव ऐकल्यावर काकू म्हणाली, “बघा, आपला माणूस उभा आहे.” त्यानंतर तिने टीव्हीतल्या गवळींना किती सूचना दिल्या, त्याची मोजदाद नाही.

अडतिसाव्या मिनिटाला सहलने चेंडू आडवा दिला आणि छांगटेने तो जाळ्यात घातला. तो गोल मी नंतर कितीदा तरी पाहिला. घाई नाही, धसमुसळेपणा नाही, या पायातून त्या पायात, आणि आत. १-१. मग जादा वेळ आणि त्यानंतर पेनल्टी.

(दृश्य : आजोबांचे हात. मांडीवर एक पत्र्याचा डबा.)

पेनल्टी सुरू झाल्यावर आजोबांनी टीव्हीकडे पाठ केली. मी त्यांना प्रत्येक फटका तोंडी सांगत होतो. कुवेतचा पहिलाच फटका आडव्या दांड्यावर. आपला चौथा, उदांताचा, हुकला. पाच-पाच फटके झाल्यावर ४-४. सहावा फटका मारायला आला नाओरेम महेश सिंग. मणिपूरचा.

त्या दिवसांत मणिपूर जळत होतं. मे महिन्यापासून. आमच्या वरच्या मजल्यावरचा तो मुलगा संपूर्ण सामनाभर एक शब्द बोलला नव्हता. महेशने गोल केला, तेव्हाही तो जागचा हलला नाही. कुवेतचा पुढचा फटका आपला गोलकीपर गुरप्रीतने झेप घेऊन अडवला, घरात आम्ही ओरडलो, काकूने काकांच्या पाठीत किसणी हाणली, आणि तो मुलगा उठून गॅलरीत गेला. तिकडे इंटरनेट बंद होतं. त्याने घरी फोन लावला आणि आईला आकडे सांगितले. भाषा आम्हाला कळली नाही, पण महेशचं नाव तीनदा आलं.

आजोबांनी मान वळवून विचारलं, “झालं का?”

मी म्हटलं, “आजोबा, जिंकलो. नवव्यांदा.”

ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, “चला, राजवाड्यावर.”

(दृश्य : पत्र्याचा डबा उघडतो. आत पिवळं पडलेलं कात्रण.)

या रात्री, या वयात ते का निघाले, हे समजायला हा डबा बघावा लागेल. यात सप्टेंबर १९६२चं एक कात्रण आहे, वहीच्या पुठ्ठ्यावर कणकेच्या खळीने चिकटवलेलं. आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे.

जकार्ताचे आशियाई खेळ. यजमानांनी इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही, भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्याला जाहीर विरोध केला, आणि तिथला जमाव आपल्यावर उलटला. आपल्या वकिलातीवर हल्ला झाला. ४ सप्टेंबरला फुटबॉलचा अंतिम सामना, दक्षिण कोरियाशी. याच संघाने गटात आपल्याला २-० हरवलं होतं. लाखभर माणसांचं स्टेडियम आपल्याविरुद्ध ओरडत होतं. त्या गर्दीत भारतासाठी ओरडणारे जे थोडे होते, त्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते. हे आजोबा दर वेळी सांगतात, आणि दर वेळी त्यांचा आवाज इथे जरा थांबतो.

जर्नेल सिंग बचाव फळीतला. थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बाहेर बसवलं नाही, थेट पुढे सेंटर फॉरवर्डला आणलं. अंतिम सामन्यात सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल, विसाव्याला जर्नेलचा. कोरियाने शेवटी एक फेडला, पण आपण २-१ जिंकलो. रहीम साहेबांना कर्करोग होता. पुढच्याच वर्षी, जून १९६३मध्ये ते गेले.

(दृश्य : आजोबा खिडकीपाशी.)

“आम्ही दोघं मित्र राजवाड्यावर जाऊन आलो,” आजोबा सांगतात. “वाटलं, लोक येतील. पण कुणाला ठाऊकच नव्हतं. टांगेवाले उभे होते, बस्स. मग दीड महिन्यात चीनशी लढाई लागली. त्यानंतर कोण फुटबॉलचं नाव काढणार?”

आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर भारताला पुन्हा मिळालेलं नाही. एकसष्ट वर्षं हा माणूस राजवाड्यावरच्या दुसऱ्या फेरीची वाट बघत होता.

(दृश्य : पुन्हा राजवाडा.)

कृष्णपुऱ्याचा पूल ओलांडून आम्ही चालत आलो, आजोबांच्या चालीने. मोठा झेंडा घरी नव्हता. पंधरा ऑगस्टला बहिणीच्या शाळेत मिळालेला छोटा कागदी झेंडा तिने कपाटातून काढला होता. सराफ्यात नेहमीची गर्दी, लोक जिलबी खात होते. आम्ही चौकात उभे राहिलो आणि काकू ओरडली, “भारत माता की”. सहा आवाजांनी उत्तर दिलं. माणसं वळून बघायला लागली.

एक पोलिस जवळ आला. “क्या हुआ भिया? आज तो मॅच नहीं थी।”

काका म्हणाले, “थी ना. फुटबॉल की. अपन जीत गए।”

“अपन जीते?” त्याने विचारलं. “किससे?”

“कुवेत से।”

त्याने काठी बगलेत धरली आणि आजोबांशी हात मिळवला. मग बहिणीकडून झेंडा मागून घेतला, जरा वेळ हातात धरला, परत दिला. तो मुलगा, मणिपूरचा, आजोबांच्या शेजारी उभा होता. आजोबांचा हात त्याच्या खांद्यावर होता. आधार कोण कोणाला देत होतं, ते मी विचारलं नाही.

(दृश्य : घर. दिवस.)

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी २०२४च्या आशियाई करंडकात तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. मग १८ नोव्हेंबर २०२५ला ढाक्यात बांगलादेशने १-० हरवलं. २०२७च्या आशियाई करंडकाची पात्रता तर त्याआधीच हातची गेली होती. मला फार राग आला होता. काकूने टीव्ही बंद केला आणि कुणाशी न बोलता पोळ्या लाटायला घेतल्या.

आजोबांनी डबा मागवला. आता त्यात दोन कात्रणं आहेत. दुसरं ५ जुलै २०२३चं. तेही खळीनेच चिकटवलंय, बहिणीने. पहिल्याच्या मागे चौदा वर्षांच्या मुलाच्या अक्षरात पेन्सिलीने नावं लिहिलेली आहेत. आजोबा ती मोठ्याने वाचायला लागले. चुनी गोस्वामी. बलराम. अरुण घोष. फ्रँको. युसूफ खान. थंगराज.

बहीण म्हणाली, “थंगराज कोण?”

आजोबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. “थंगराज गोलकीपर,” ते म्हणाले. “एवढा उंच. बस इकडे.”