१६५० : शके, संवत की इसवी?

(दृश्य : मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय)

बडोद्यात ग्रंथांची व्यवस्था हा राज्यकारभाराचा विषय होता. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि त्यांनी इथल्या ग्रंथालयांसाठी वेगळी वर्गीकरण पद्धती बसवली. आता कार्डांच्या जागी संगणक आहे. कर्ता, विषय, काळ या नोंदींना आपण मेटाडेटा म्हणतो.

(दृश्य : पोथीचं शेवटचं पान)

समजा, समर्थ रामदासांच्या एका रचनेची नक्कल हाती आली. शेवटी नुसता आकडा : १६५०. बडोद्यात असा आकडा फसवा, कारण मराठी लेखनिक शके लिहिणार, गुजराती विक्रम संवत. संवत धरला तर इसवी सन १५९३-९४ येतं. समर्थांचा जन्म १६०८चा. कवी जन्मण्याआधीच नक्कल!

एका पोथीपुरतं हे जाणकाराच्या लक्षात येईल, हजारो नोंदींत निसटेल. म्हणून नियम तर्कशास्त्राच्या भाषेत मांडतात : नक्कल रचनेनंतरची, रचना कर्त्याच्या जन्मानंतरची. सगळे नियम आणि सगळ्या नोंदी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, असं दिसलं की यंत्र तिथे बोट ठेवतं. चूक जन्मसालात की नकलेच्या काळात, हे ते सांगत नाही. पण विसंगती तशीच ठेवणंही परवडत नाही. अभिजात तर्कशास्त्रात एका विसंगतीतून वाटेल ते विधान सिद्ध होतं.

आणि कुणी १६५० हे इसवी सन समजून भरलं तर? समर्थ तेव्हा हयात होते. एकही नियम मोडत नाही, नोंद मात्र चुकीची. मला हा धोका अधिक मोठा वाटतो.

त्यावर उपाय एकच, कालगणना न लिहिलेली नोंद अडवायची. इथे आउल (OWL), म्हणजे असे नियम संगणकाला सांगायची भाषा, पुरत नाही. तिच्या लेखी जे नोंदलेलं नाही ते फक्त अज्ञात असतं. रिकामा रकाना पकडायला शॅकल (SHACL) ही नोंदी तपासणारी भाषा लागते, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१७ मध्ये प्रमाण केलेली.

(दृश्य : पुष्पिकेची ओळ, जवळून)

पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या समारोपाच्या ओळींत, संवत्सराचं नाव असेल तर आणखी एक नियम बसतो. आपल्याकडच्या गणनेत शकात १२ मिळवून ६०ने भागायचं. बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. शके १६५०ला बाकी उरते ४२, म्हणजे कीलक. पानावर कीलक असेल तर शकाला भक्कम पुरावा मिळाला. दुसरं नाव निघालं, तर नोंद पुन्हा तपासणीला.