कन्क्लूसिव्ह, पण कशाचं?

(देवगड तालुक्यातल्या एका ग्रामवाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, विषय एका इंग्रजी विशेषणाचा दिलाय, पण मी बोलणार जमिनीवरच. कोकणात वकिली करणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही.

'कन्क्लूसिव्ह' हा शब्द पेपरात सारखा भेटतो. पोलिसांच्या हाती कन्क्लूसिव्ह पुरावा लागला, तपासणीचा रिपोर्ट इनकन्क्लूसिव्ह आला. तिथं त्याचा अर्थ शंकेला जागा न ठेवणारा, इतकाच. उद्या नवं काही सापडलं तर तोच पुरावा मोडीतही निघतो. मराठीत आपण 'निर्णायक' म्हणून मोकळे होतो, पण मॅचमधला गोलही निर्णायकच असतो. त्याला इंग्रज डिसायसिव्ह म्हणतो. कन्क्लूसिव्हच्या मुळाशी जो लॅटिन धातू आहे त्याचा अर्थ बंद करणे, आणि कायद्यानं तो अर्थ शब्दशः घेतला.

१८७२चा पुरावा कायदा फिट्झजेम्स स्टीफन यांनी लिहिला. त्याच्या कलम ४मध्ये तीन पायऱ्या आहेत. पहिलीवर कोर्ट एखादी गोष्ट खरी मानू शकतं. ट्रंकेतून मोडी लिपीतला जुना कागद निघतो ना, तो तीस वर्षांहून जुना असेल आणि जिथं असायला हवा त्याच घरातून आला असेल, तर सही-अक्षर त्याच माणसाचं असं कोर्ट मानू शकतं. आत लिहिलंय ते खरं की खोटं, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्या पायरीवर कोर्टानं खरं मानलंच पाहिजे, पण समोरच्याला ते खोडून काढायची मुभा असते. तिसरी पायरी कन्क्लूसिव्ह प्रूफची. एक गोष्ट शाबीत झाली की दुसरीही झालीच, आणि ती खोडायला पुरावा आणतो म्हणालात तर कोर्ट तो घेणारच नाही. तुमचा पुरावा कितीही चांगला असो. १ जुलै २०२४पासून या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी या पायऱ्या जागच्या जागी आहेत.

आता सातबारा. मे महिन्यात चाकरमानी येतो, डिजिटल सहीचा प्रिंटआउट टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "ह्यो बघा सातबारो. आता आणखी काय व्हया?" व्हया बरंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या सरकारी कागदांतली, नोंद उलट शाबीत होईपर्यंत किंवा कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत खरी धरावी. म्हणजे दुसरी पायरी. सातबारा मुळात सारा कोणाकडून घ्यायचा यासाठीचा कागद. त्यावर नाव लागलं म्हणून मालकी येत नाही आणि नाव उडालं म्हणून ती जातही नाही. तलाठ्याकडे हेलपाटे घालून नाव चढवलेल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण सांगावं लागतं.

मग जमिनीत कन्क्लूसिव्ह असं काहीच नाही का? आहे, आणि ते तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. १९४८चा कुळकायदा. १ एप्रिल १९५७ला, कृषक दिनाला, कसणारं कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारा माणूस, कायद्यानं खरेदीदार मानलं गेलं. मग कलम ३२ गखाली किंमत ठरली, बहुतेक कुळांसाठी आकाराच्या, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या साऱ्याच्या, २० ते २०० पटींत. आणि आपल्याकडचा आकार तो केवढा! सातबाऱ्यावर रुपये-पैशांचा तो आकडा बघा, म्हणजे त्या किमतीचा अंदाज येईल. ती भरल्यावर न्यायाधिकरणानं, म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदारानंच, ३२ मचं प्रमाणपत्र दिलं. सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, किंमत, कुळाचं नाव. हे प्रमाणपत्र खरेदीचा कन्क्लूसिव्ह पुरावा आहे, असं कायदा स्वतः म्हणतो. मूळ मालकाच्या नातवानं आज येऊन "आमच्या आजोबांनी विकलीच नव्हती" म्हटलं, तर त्याला सहसा कोणी दारात उभं करत नाही.

पण इथंच माझी पक्षकारांशी हुज्जत होते. कन्क्लूसिव्ह ठीक, पण कशाचं? खरेदीचं. प्रमाणपत्रावर नाव थोरल्या भावाचं असतं, कारण धाकटे तेव्हा गिरणीत होते. थोरल्याची मुलं तो कागद नाचवतात: आमच्याच बापाची जमीन, कन्क्लूसिव्ह! अहो, कुळानं जमीन घेतली एवढंच त्यात मिटलं. कुळवाट एकट्याची होती की एकत्र कुटुंबाची, हा प्रश्न त्या कागदानं हातच लावलेला नाही. त्यावर साक्षी होतात, जुने पीकपाहणीचे उतारे निघतात, वाटपाचे दावे पिढी-पिढी चालतात.

हा शब्द कोर्टाला स्वतःलाही कधी कधी जड जातो. लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर २८० दिवसांत आईनं पुन्हा लग्न केलेलं नसताना, जन्मलेलं मूल औरस, हे त्याच १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२नं कन्क्लूसिव्ह ठरवलं. सुटायची वाट एकच, त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणंच शक्य नव्हतं हे दाखवणं. १८७२ला डीएनए कोणी ऐकला होता! २०१४ साली नागपूरकडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डीएनए अहवालाला वर ठेवलं. २०२५मध्ये केरळातल्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयानं गृहीतक घट्ट धरलं आणि ऊठसूट डीएनए तपासणी मागू नका असं बजावलं. मला दुसरा निकाल अधिक पटतो. मुलानं आयुष्यभर संशय का वाहावा?

मघाशी कोणीतरी चिठ्ठी पाठवली: सातबाराच कन्क्लूसिव्ह करून टाकला तर? कल्पना जुनी आहे. रॉबर्ट टॉरेन्स या तिथल्या पुढाऱ्यानं १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात ते केलं. सरकारी नोंद हीच मालकी. आपल्याकडे २००८पासून केंद्राचा भूमी अभिलेख कार्यक्रम तेच ध्येय सांगतोय. पण ते करायचं म्हणजे नोंद चुकली तर भरपाईची हमी सरकारनं घ्यायची. आपल्या गावचा कुठलाही सामायिक सातबारा काढा. आठ गुंठ्यांवर पंचवीस नावं, निम्मे मयत, वारस बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत. यावर हमीची सही कोण करील? मी तरी करणार नाही. तोवर वारस नोंदी करून घ्या आणि ३२ मचं प्रमाणपत्र हरवलं असेल तर तहसील कचेरीतून नक्कल काढा. अर्जात फेरफार नंबर, म्हणजे नाव बदललं त्या नोंदीचा नंबर, घातलात तर लवकर सापडतं.