‘दा किंग’ आणि मनिलाची गल्ली

पडद्यावर दिसतोय तो फर्नांडो पो ज्युनिअर. फिलिपिन्सच्या सिनेमातला अॅक्शन हिरो. तिथे नुसतं ‘एफपीजे’ किंवा ‘दा किंग’ म्हटलं तरी पुरे. गुंड ढकलतायत, डिवचतायत आणि हा मान खाली घालून उभा. ही त्याची ठरलेली चाल. स्वतःचा अपमान गिळायचा, गरिबाच्या अंगावर कुणी धावून गेलं की मगच हात उचलायचा. आणि एकदा उचलला की पोटात ठोसे असे भराभर, की मोजायची सोय नाही!

१९८० च्या ‘आंग पांदाय’मध्ये तो लोहार आहे. उल्केच्या धातूचा खंजीर घडवतो, आणि ऐन वेळी त्याच खंजिराची तलवार होते. गावाला छळणारा जुलमी लिझार्डो तिच्यापुढे हरतो. गोष्ट कॉमिक्समधली, भाबडीच. पण ती बघणारा देश १९७२ पासून राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या मार्शल लॉखाली, म्हणजे लष्करी कायद्याखाली होता, हे विसरून चालणार नाही.

दिग्दर्शक लिनो ब्रोका यांच्या सिनेमातला गरीबही शेवटी हात उचलतो. पण त्याला तलवार मिळत नाही.

‘मायनिला सा मंगा कुको नांग लिवानाग’, १९७५. गावाकडचा कोळी हुल्यो आपल्या लिगायाला शोधत मनिलात येतो आणि पोटासाठी इमारतीच्या बांधकामावर लागतो. पगाराच्या दिवशीचा प्रसंग नीट बघा. कागदावर सही एका रकमेची, हातात पडते त्याहून कमी. सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. इथे एकही ठोसा नाही, तरी मला हा प्रसंग कुठल्याही मारामारीपेक्षा जास्त लागतो. शेवटी हुल्यो सूड घेतो खरा, पण मग जमाव त्याला एका बोळात कोंडतो.

पुढच्याच वर्षीचा ‘इन्सियांग’ सुरू होतो कत्तलखान्यात, डुकरं कापली जात असताना. नंतर मनिलातल्या तोंदोची झोपडपट्टी, आई, मुलगी आणि आईचा तरुण प्रियकर. मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा यांना जगापुढे झगमगती मनिला मांडायची होती. कान महोत्सवात पोचलेला पहिला फिलिपिनो चित्रपट मात्र हा ठरला. १९८५ मध्ये जीपनीच्या, म्हणजे तिथल्या प्रवासी जीपगाड्यांच्या, चालकांच्या संपाला पाठिंबा दिला म्हणून ब्रोकांना तुरुंगात टाकलं. १९९१ मध्ये मोटार अपघातात ते गेले.

अॅक्शनचे हिरो मात्र पडद्याबाहेर पडले. जोसेफ एस्त्रादा, पडद्यावर गरिबांचा कैवारी, १९९८ मध्ये खरोखरीचे राष्ट्राध्यक्ष झाले. एमजीआर, एनटीआर पाहिलेल्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. २००१ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून लोक रस्त्यावर उतरले आणि एस्त्रादांना मालाकान्यांग हा राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा सोडावा लागला.

२००४ मध्ये एफपीजे स्वतः राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया अरोयो यांच्याकडून सुमारे ११ लाख मतांनी हरले. निकालाला दिलेलं आव्हान अजून प्रलंबित होतं, तोच डिसेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. २००६ मध्ये अरोयो यांनीच त्यांना ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सन्मान जाहीर केला. घरच्यांनी तो घेतला नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष बदलले, आणि २०१२ मध्ये अक्विनो यांच्या हातून त्यांनी तो स्वीकारला.