फ्यूज उडाला कशाने?

[दृश्य: कुडाळच्या बाजारपेठेतलं एक लहान दुकान. बाहेर पाऊस. टेबलावर टीव्हीचा पॉवर सप्लाय बोर्ड, त्यावर टेबललॅम्पचा उजेड.]

निवेदन :

हा काचेचा फ्यूज बघा. आतून पार काळा झालाय, काचेला चंदेरी शिंतोडे चिकटलेत. म्हणजे तार नुसती तुटलेली नाही, तिची वाफ झालीय. एका क्षणात प्रचंड करंट ओढला गेला, पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. काच स्वच्छ असती आणि तार मधोमध हलकेच सुटलेली असती, तर मेकॅनिकने वेगळा विचार केला असता. बोर्डाला मीटर लागायच्या आधीच निम्मं निदान या काचेत दिसतं.

या टेबलावर रोज कोणी ना कोणी म्हणतंच, "फक्त फ्यूज गेलाय हो, तेवढा बदलून द्या." एखाद्या बोर्डाच्या बाबतीत ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा फ्यूज उडाला तो कोणीतरी उडवला म्हणून. त्याला न शोधता नवा फ्यूज टाकला तर तोही जातो, आणि जाताना आणखी दोन पार्ट घेऊन जातो.

[दृश्य: दुकानाच्या कोपऱ्यात सेट-टॉप बॉक्स, वायफायचे अ‍ॅडॉप्टर, एलईडी टीव्ही, कॉम्प्युटरचे एसएमपीएस (पॉवर सप्लायचे डबे). प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर गावाचं नाव आणि तारीख.]

मिरगाच्या मागचे-पुढचे दिवस म्हणजे इथली सुगी. ढग गडगडायला लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर माणसं उभी. कोणी पिशवीतून राउटर आणलाय, कोणी स्कूटरच्या पायाशी टीव्ही आडवा ठेवून. विजेने मेलेला माल यात असतोच. पण कोकणात दुसरंही एक कारण आहे, ते गडगडत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

वाऱ्याने नारळाचं चुडत वायरींवर पडतं आणि खांबावरची न्यूट्रल, म्हणजे सगळ्या घरांची सामाईक परतीची तार, तुटते. वीज जात नाही, उलट नको तितकी येते. वेगवेगळ्या फेजवरची, म्हणजे खांबावरच्या वेगवेगळ्या वीजतारांवरची घरं आता एकमेकांशी सिरीजमध्ये, एकामागे एक, जोडली जातात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी अशी, की ज्याच्या घरी कमी उपकरणं चालू, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. शेजारी इस्त्री चालू असते, त्याचे दिवे मंद होतात. तुम्ही एकटा टीव्ही लावून बसलेले असता. टीव्ही तुमचा जातो.

[दृश्य: बोर्डाचा क्लोज-अप. कॅमेरा वायर येते त्या टोकापासून पुढे सरकतो.]

आता या बोर्डाचा रस्ता पाहू. घरातली २३० व्होल्टची एसी इथून आत येते. फ्यूज, मग फिल्टरची कॉइल, मग चार डायोडांचा ब्रिज. ब्रिजमधून डीसी निघते ती जाते या मोठ्या काळ्या नळकांड्यात. हा वीज साठवून ठेवणारा मेन फिल्टर कॅपॅसिटर. इथे व्होल्टेज २३० नसतं, ३२५ च्या आसपास असतं, कारण कॅपॅसिटर एसीच्या शिखरापर्यंत भरतो. पुढे मॉसफेट नावाचा तीन पायांचा स्विच ही डीसी चिरत राहतो, सेकंदाला साधारण ६५ हजार वेळा. आणि ते तुकडे चॉपर ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे १२ व्होल्ट होऊन उतरतात.

जुन्या रेडिओत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असायचा, वीटभर वजनाचा. तो सेकंदाला फक्त ५० फेऱ्या करायचा, म्हणून प्रत्येक फेरीला हंडाभर ऊर्जा उचलावी लागायची. हा चॉपर पेल्याने पाणी भरतो, पण ६५ हजार खेपा घालतो. त्यामुळे सगळं मुठीत मावतं. लोखंडी ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं, हेही मान्य करायला हवं. आकार आणि वजन वाचवलं, त्याच्या बदल्यात बिघडू शकणारे चाळीस-पन्नास पार्ट आले.

[दृश्य: मेकॅनिक होल्डरमध्ये बसवलेल्या बल्बच्या दोन वायरी मेन कॅपॅसिटरच्या पायांना लावतो. बल्ब क्षणभर लुकलुकतो.]

हे काय चाललंय ते नीट बघा. प्लग काढलेला आहे, तरी या कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट शिल्लक असू शकतात. स्विचिंग बंद पडलेल्या बोर्डात तर हमखास, कारण ते खर्च करणारंच कोणी उरलेलं नसतं. काही जण स्क्रू-ड्रायव्हर आडवा लावून फाटकन आवाज काढतात. पाते वितळतं, कॅपॅसिटरचं आयुष्य घटतं आणि समोरच्याच्या डोळ्यात ठिणगी जाते. बल्बने तेच काम शांतपणे होतं. त्यानंतर मीटर लावून खात्री, आणि मगच बोट. हा व्हिडिओ पाहून घरचा टीव्ही उघडायला घेणार असाल तर घेऊ नका. कोणाच्या तरी हाताखाली बसून शिका. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची सगळी बाजू थेट लाइनवर असते.

[दृश्य: मीटर बजरवर. मॉसफेटच्या पायांना प्रोब लावताच सलग आवाज.]

मीटर ओरडला. ड्रेन आणि सोर्स हे त्याचे दोन पाय एक झालेत, मॉसफेट शॉर्ट. फ्यूज याने उडवला. पण मेकॅनिक इथे थांबत नाही, कारण मॉसफेट फुटतो तेव्हा ३२५ व्होल्ट उलट्या दिशेने तिसऱ्या पायातून, म्हणजे गेटमधून, त्याला चालवणाऱ्या कंट्रोल आयसीपर्यंत पोचू शकतात. म्हणून गेटचा रेझिस्टर तपासायचा. सोर्सच्या पायाखालचा, ओहमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, करंट मोजणारा रेझिस्टर तपासायचा. तो बहुधा ओपन, म्हणजे आतून तुटलेला असतो. आयसीच्या पुरवठ्याच्या पायावर शॉर्ट आहे का पाहायचं. यातला एक जरी पार्ट जुनाच राहिला, तर नवा मॉसफेट प्लग लावताच जातो. नवशिक्यांचे मॉसफेट असे एकामागून एक जळतात आणि दोष मात्र दुकानदाराच्या मालाला दिला जातो.

सगळं बदलून झालं तरी बोर्ड थेट लाइनवर लावायचा नाही. १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालायचा.

[दृश्य: सिरीज बल्ब. स्विच दाबताच झगकन पेटतो, मग मंदावत विझल्यासारखा होतो.]

असा पेटून विझला की समजायचं, मेन फिल्टर भरला आणि पुढे शॉर्ट नाही. बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला असता तर अजून कुठेतरी शॉर्ट बाकी आहे, पण बल्बने करंट अडवल्यामुळे नवीन पार्ट वाचले. बाजारात एलईडी आल्यापासून हे पिवळे बल्ब मिळणं कमी झालंय. या दुकानात त्यांचा एक अख्खा खोका जपून ठेवलाय.

[दृश्य: दारात एक आजी, हातात पिशवी. पिशवीतून सेट-टॉप बॉक्स आणि अ‍ॅडॉप्टर बाहेर येतो.]

"कालपासून लागणा नाय रे बाबू."

"ठेव गे आजये, बघतंय."

अ‍ॅडॉप्टर उघडला. आत फ्यूजच्या शेजारी बोर्डावर एक गोल छापलेला आहे, दोन भोकंही आहेत, पण पार्ट नाही. ती जागा एमओव्हीची. एमओव्ही म्हणजे बहुधा निळ्या रंगाची एक चकती. व्होल्टेज मर्यादेत असेपर्यंत ती गप्प बसते. मर्यादा ओलांडली की स्वतःमधून करंट वाहू देते, न्यूट्रल तुटल्यासारखा प्रकार असेल तर तापून शॉर्ट होते आणि फ्यूज उडवून मागच्या पार्टांना वाचवते. ४०० व्होल्ट एसी आली तर मेन फिल्टरवर ५६५ चढतात, आणि त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं ४००. चकती नसेल तर तो फुटणारच. डिझाइन करणाऱ्याने जागा ठेवली होती. माल काढताना कोणीतरी दोन-चार रुपये वाचवले.

आजीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मेन फिल्टर फुगलाय, फ्यूज गेलाय, ब्रिजचे दोन डायोड शॉर्ट आहेत. मेकॅनिक हे सगळं बदलतो आणि रिकाम्या गोलात ४७१ नंबरची चकतीही बसवतो. ती कोणी मागितलेली नाही आणि बिलातही नाही. माझ्या मते आजच्या शूटिंगमधलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

[दृश्य: दुसरा बोर्ड. सगळं स्वच्छ, काहीच जळलेलं नाही.]

काही बोर्ड असे शांतपणे मरतात. फ्यूज शाबूत, मेन फिल्टरवर ३२५ व्होल्ट हजर, पण पलीकडे काही नाही. कान लावला तर बारीक टिकटिक ऐकू येते.

इथला गुन्हेगार बहुधा पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक कॅपॅसिटर असतो, २२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. काम एवढंच की कंट्रोल आयसीला सुरू होताना धक्का द्यायचा. ३८४२ जातीची आयसी पायावर १६ व्होल्ट आले की जागी होते आणि १० च्या खाली गेले की बंद पडते. जागी झाल्यापासून ट्रान्सफॉर्मरची मदत पोचेपर्यंतचा वेळ या छोट्या कॅपॅसिटरने तिला सांभाळायचं. आतला द्रव सुकला की त्याची वीज साठवण्याची क्षमता घटते, तो वाटेतच रिकामा होतो आणि आयसी पुन्हा झोपते. मग परत भरणं, परत जागं होणं, परत झोपणं. तीच टिकटिक. बाहेरून पाहिलं तर हा कॅपॅसिटर ठणठणीत दिसतो. फुगत नाही, गळत नाही. कॅपॅसिटरचा आतला रोध मोजणाऱ्या ईएसआर मीटरशिवाय तो सापडत नाही, किंवा मग अनुभवाने सापडतो.

आणि तो सुकतो का? बहुतेक वेळा त्याला हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला, खेटून बसवलेलं असतं म्हणून. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरच्या अंगावर १०५ अंश लिहिलेलं असतं, कंपनीच्या तक्त्यात साधारण २,००० तास. दिवसरात्र त्या तापमानाला चालवला तर तीन महिनेही पुरे होत नाहीत. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, हा ढोबळ नियम. म्हणजे ६५ अंशांना ३२ हजार तास, साडेतीन वर्षांच्या थोडं वर. राउटर आपण कधी बंद करत नाही. कपाटात, पडद्याआड, टीव्हीच्या मागे तो तापत असतो. तीन-चार वर्षांनी अ‍ॅडॉप्टर गेला की कंपनीला शिव्या घालतो. हिशोब मात्र बरोबर असतो.

कधी कधी मात्र द्रवच खोटा निघतो. २००० च्या आगेमागे तैवानमधून निघालेल्या कॅपॅसिटरांचा मोठा लॉट असाच सदोष होता. जगभरच्या कॉम्प्युटरांत ते फुगले, फुटले. एकट्या डेल कंपनीला २००५ मध्ये सदोष कॅपॅसिटरांपायी सुमारे ३० कोटी डॉलरचा खर्च हिशोबात दाखवावा लागला.

[दृश्य: कॉम्प्युटरचा एसएमपीएस. हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडलेली, पंखा फिरतोय.]

कॉम्प्युटरचा एसएमपीएस असा बाहेरच चालवून बघता येतो. हिरवी वायर काळीला टेकवली की तो सुरू होतो. जांभळीवर ५ व्होल्ट तर बटण दाबायच्या आधीपासूनच असायला हवेत. इथे जांभळीवर ५ दिसतात, पण लोड लावला की साडेतीन. सेकंडरीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूचे कॅपॅसिटर बघा, डोक्यावर खाचा आहेत. आत वायू साठला तर स्फोट होण्याऐवजी टोपी तिथून उघडावी म्हणून त्या कापलेल्या असतात. या दोघांची डोकी घुमटासारखी वर आलीत. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा. आणि उंची मोजून घ्यायची, नाहीतर झाकण बसत नाही.

पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात, काही पुण्याच्या बुधवार पेठेतून. त्यातही फसवणूक चालते. हलक्या मॉसफेटवरचा नंबर घासून भारी नंबर छापतात, मोठ्या आवरणात लहान कॅपॅसिटर कोंबतात. म्हणून भंगारातल्या चांगल्या बोर्डांना इथे भाव आहे. त्यांच्यावरचा उतरवलेला जुना मॉसफेट निदान अस्सल तरी असतो. कॅपॅसिटर मात्र जुना कधीच लावायचा नाही.

एका ठिकाणी मेकॅनिक तडजोडच करत नाही. लाइनच्या बाजूचा चौकोनी एक्स कॅपॅसिटर, आणि प्रायमरी-सेकंडरीच्या मधला निळा वाय कॅपॅसिटर. अर्थिंग नसलेल्या घरात कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात, त्या असल्याच वाय कॅपॅसिटरांतून. जांभ्या दगडात अर्थिंग मुळातच नीट लागत नाही, मे महिन्यात तर नाहीच. त्या जागी साधा कॅपॅसिटर लावला आणि तो शॉर्ट झाला, तर झिणझिण्यांवर भागणार नाही. स्वस्तातले काही मोबाइल चार्जर मेकॅनिक याच कारणासाठी दुरुस्त करत नाही. आत दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या रेषा एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात.

बाकी पाली, मुंग्या, मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेने खाल्लेले सांधे हे सगळं आहेच. ब्रशने साफ करायचं, ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत आलेला सांधा, पुन्हा ओढायचा.

[दृश्य: आजीचा अ‍ॅडॉप्टर. त्याला मोटारीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडलेला. मीटरवर ११.९.]

नुसत्या मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे अ‍ॅडॉप्टर बरा झाला असं नाही. रिकामा असताना आजारी अ‍ॅडॉप्टरही १२ दाखवतो. म्हणून मोटारीचा बल्ब लावून, पावणेदोन अँपिअर ओढत, तासभर ठेवायचा. मधेमधे बोटाने आवरणाची धग पाहायची. व्होल्टेज ढळलं नाही.

आजी संध्याकाळी परत आल्या. सेट-टॉप बॉक्स सुदैवाने शाबूत होता. विजेचा दणका डिशच्या केबलमधूनही आत येतो आणि तेव्हा अ‍ॅडॉप्टर नवा असून काही उपयोग होत नाही. मेकॅनिकने तेवढं बजावलं :

"वीज चमकाक लागली काय प्लग काढ, आणि डिशीची वायर पण काढून ठेव."

"मगे शिरयल कशी बघतलंय?"