बोटाला ओळखणारी काच

श्रोतेहो, नमस्कार. जवळ टॅबलेट असेल तर आत्ताच एक करून बघा. पडद्यावर नुसत्या नखाच्या टोकाने टकटक करा, बोट टेकू देऊ नका. पडदा ढिम्म! आता बोटाचं टोक अलगद टेकवा. चित्र लगेच उघडेल.

दाबाचा इथे काही संबंध नाही. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, नखातून जवळजवळ नाही. काचेखाली पारदर्शक वाहक पदार्थाच्या, बहुतेक वेळा इंडियम टिन ऑक्साइडच्या, उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते. तिच्यात थोडासा विद्युतभार खेळवलेला असतो. बोट आलं की त्यातला काही भार बोटाकडे वळतो. कुठली उभी आणि कुठली आडवी रेघ बदलली, हे आतली चिप सेकंदाला कितीतरी वेळा तपासत असते. दोन बोटं टेकवली तर दोन्ही जागा कळतात. माझ्या आईला बारीक अक्षर दिसत नाही. ती दोन बोटं फाकवून एकेक ओळ मोठी करते आणि पुस्तक वाचते. मला हे बघताना फार बरं वाटतं. लोकरीचे हातमोजे घातले की मात्र पडदा बोट ओळखत नाही, आणि पाण्याच्या थेंबांनी गोंधळतो.

टॅबलेट आडवा धरला की पडद्यावरचं चित्रही आडवं होतं, कारण गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूला ओढतंय हे सांगणारी एक इवलीशी सिलिकॉनची रचना आत असते. प्रोसेसर वीज बेताने वापरतो, म्हणून बहुतेक टॅबलेटांना पंखा लागत नाही.

मुलांना हातात धरता येईल अशा वहीएवढ्या संगणकाचं चित्र अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी 1972 सालीच कागदावर मांडलं होतं. आयपॅड आला 2010 मध्ये. कळफलक पडद्यावरच उमटतो, त्यामुळे तीच काच घटकेत मराठी बाराखडी होते, घटकेत पेटीच्या पट्ट्या, घटकेत चित्रकलेचा कागद.

पण गुळगुळीत काचेवर चाचपायला बटणच नाही, मग दृष्टिहीन माणसाने काय करायचं? टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी टॅबलेटमधलीच सोय, सुरू केलं की बोट जिथे जाईल तिथलं नाव टॅबलेट बोलून सांगतो. हवं ते ऐकू आलं की दोनदा टिचकी मारायची, ते उघडतं. पडदा पूर्ण काळा ठेवला तरी चालतं.