सल्लागाराचे तारे नेमके कशाचे?

(ग्राहक दिनानिमित्त ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. १९८६ साली २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून आपण आज जमलो आहोत. पण मी आज कायद्यावर बोलणार नाही, माझ्या ताईबद्दल आणि पैशाच्या सल्लागारांना आपण जे तारे, म्हणजे मानांकन, देतो त्याबद्दल बोलणार आहे.

ताई शाळेत शिक्षिका होती. २०१६ साली निवृत्त झाली, ग्रॅच्युइटी हातात आली. बँकेतल्या अधिकाऱ्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, "मॅडम, हे एफडीसारखंच आहे." निघाली विमा पॉलिसी, दरवर्षी हप्ता भरायची. पॉलिसी हातात पडल्यापासून तेव्हा पंधरा दिवसांत ती परत करता येत होती, हे तिला कुणी सांगितलं नाही. मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. त्याच आठवड्यात बँकेने फोनवर विचारलं, "सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?" ताईने पाच दिले. मनापासून दिले, कारण तो माणूस खरोखरच अदबीने वागला होता.

खानावळीतलं जेवण कसं होतं ते हात धुता धुता सांगता येतं. पैशाच्या सल्ल्याचं तसं नाही. तो बरा होता की वाईट, हे कळायला दहा-पंधरा वर्षं जातात, आणि तारे मात्र पहिल्या महिन्यातच देऊन झालेले असतात. त्यात बाजाराची साथ. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली गेला होता, सप्टेंबर २०२१ मध्ये त्याने ६० हजार ओलांडले. त्या दीड वर्षात ज्यांनी आपल्या सल्लागाराला पाच तारे दिले, त्यांनी बरेचसे गुण बाजारालाच दिले.

मग मानांकन नकोच का? हवं, आणि चांगलं हवं. तीन सल्लागार तीन भाषांत बोलतात. त्यांना एका मापाने मोजायला कुणीतरी तिऱ्हाईत लागतो. त्या तिऱ्हाइताला पैसे कोण देतं, एवढं आधी विचारा. कंपन्यांच्या मानांकनाचंच बघा. रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीच्या कर्जरोख्यांना 'ट्रिपल ए' हे सर्वोच्च मानांकन होतं, आणि २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत त्या कंपनीने देणी थकवलीसुद्धा. मानांकनाची फी कर्ज काढणारी कंपनीच भरते, ही त्या व्यवस्थेची जुनी दुखरी नस. सल्लागारांची यादी छापणाराही यादीत वर येण्यासाठी सल्लागाराकडूनच पैसे घेत असेल, तर ती जाहिरात समजा.

आता माप कशाचं, ते पाहू. पहिली गोष्ट नोंदणी. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो, आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. 'एआरएन' क्रमांक असेल तर समोरचा माणूस म्युच्युअल फंडाचा वितरक आहे. असे वितरक लाखाच्या वर आहेत, नोंदणीकृत सल्लागार देशभरात जेमतेम हजारभर. वितरक वाईट असतो असं मी म्हणत नाही. माझे चांगले मित्र त्या धंद्यात आहेत आणि प्रामाणिकपणे काम करतात. पण त्याला कमिशन फंड कंपनी देते. सल्लागाराची फी तुम्ही स्वतः भरता. या दोघांना एकाच यादीत बसवून तारे वाटणं मला चुकीचं वाटतं.

हा फरक केवढा, ते सांगतो. समजा २० लाख रुपये १५ वर्षांसाठी गुंतवले. दरवर्षी ११ टक्के वाढ मिळाली तर साधारण ९५ लाख ७० हजार होतात. त्यातला एक टक्का दरवर्षी कमिशन-खर्चात गेला आणि १० टक्केच हातात आले, तर साडेत्र्याऐंशी लाख. म्हणजे बारा लाखांचा फरक. सल्लागाराची फीसुद्धा याच तराजूत घाला. ठराविक फी घेतली तर एका कुटुंबाकडून वर्षाला १ लाख ५१ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती रोखीने घेताच येत नाही. रोख मागितली तर तिथूनच उठा.

दुसरी गोष्ट तक्रारी. सल्लागाराने किती तक्रारी आल्या, किती मिटल्या याचा तक्ता आपल्या संकेतस्थळावर लावायचा असतो. तो कुणी वाचत नाही, याची मला खंत वाटते. अमेरिकेत 'ब्रोकरचेक' नावाची फुकट सोय आहे. तिथे तारे नाहीतच. ब्रोकरचं नाव घातलं की आधी कुठे नोकरी केली, कुणी तक्रार केली, कारवाई झाली का, हे समोर येतं. माझ्या मते मानांकनाचा पाया असा हवा. आपल्या ग्राहक संघटनांनी असा तक्ता मराठीत करायला घ्यावा, ही माझी आज हात जोडून विनंती आहे.

गेल्या वर्षी ताई पुन्हा सल्लागार शोधायला निघाली. वहीत तीन रकाने आखले आणि तिघांना तेच प्रश्न विचारले: क्रमांक कोणता, पैसे कोण देतं, तक्रारी किती. दोघांनी फंडांची नावं सुचवली. तिसरी एक तरुण मुलगी होती, तिच्या नावावर अभिप्रायही मोजकेच. ती म्हणाली, "काकू, आधी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना भरा. त्यात मला काही मिळत नाही, पण तुम्हाला दर तीन महिन्यांनी व्याज येईल. उरलेल्या पैशांचं नंतर बोलू." ताईने तिची फी चेकने भरली आणि पावती त्याच वहीत चिकटवून ठेवली.